बे एरियात लहान विमान शिकावे की खोऱ्यात जाऊन उरकावे?

निरभ्र
नमस्कार मंडळी. सॅन फ्रान्सिस्को बे एरियात राहणारे, आणि त्यातही लहान विमान चालवायला शिकलेले किंवा शिकण्याच्या विचारात असलेले जे कोणी सभासद इथे असतील, त्यांच्यासाठी हा धागा काढत आहे. धाकटा मुलगा कॉलेजसाठी घराबाहेर पडला आणि आमचे शनिवार-रविवार अचानक रिकामे झाले. खासगी वैमानिकाचा परवाना काढायचे बरीच वर्षे मनात होते. आता पुढे ढकलायला सबब उरलेली नाही.

प्रश्न असा आहे की मला दोन अगदी उलटे सल्ले मिळाले आहेत. एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे की जिथे पुढे उडायचे आहे तिथेच शिकावे. दुसरा म्हणतो की इथे एसएफओ, ओकलंड आणि सॅन होजे अशा तीन मोठ्या विमानतळांच्या गर्दीत, उन्हाळ्यातल्या धुक्यात आणि दुपारच्या वाऱ्यात पैसे घालवण्यापेक्षा महिनाभर रजा टाकून आतल्या मोकळ्या खोऱ्यात, म्हणजे सेंट्रल व्हॅलीत जावे, परवाना उरकावा आणि मग परत यावे. मी सनीव्हेलला राहतो. ज्यांनी यातला कोणताही मार्ग प्रत्यक्ष धरला आहे, त्यांचे मत वाचायला आवडेल.

सागरगोटा
मी पालो आल्टोला शिकलो आणि इथेच शिका असे निःशंकपणे सांगेन. लोक ज्या गर्दीची भीती घालतात ती मुख्यतः एसएफओभोवतीच्या क्लास ब्राव्हो, म्हणजे सर्वांत कडक नियंत्रणाच्या, हवाई क्षेत्राची असते. उतरंड उलटी ठेवली तर जशी दिसेल तशी त्याची रचना आहे: विमानतळाजवळ ते थेट जमिनीपासून सुरू होते आणि जसजसे दूर जावे तसतसा त्याचा तळ वर वर सरकतो. त्या तळाखालून तुम्ही परवानगीशिवाय उडू शकता. मात्र आत शिरायचे असेल तर नियंत्रकाच्या तोंडून 'क्लिअर्ड इंटू द ब्राव्हो' हे शब्द स्पष्ट ऐकू यावे लागतात. ओकलंड आणि सॅन होजे यांचे क्लास चार्ली क्षेत्र त्या मानाने उदार आहे. तिथे नियंत्रकाने तुमच्या विमानाचा क्रमांक उच्चारून नुसते 'थांबा' म्हटले, तरी संपर्क झाला असे धरतात आणि तुम्ही आत जाऊ शकता. हाच शब्द ब्राव्होच्या सीमेवर ऐकला तर बाहेरच घिरट्या घालायच्या. हा फरक पुस्तकात एका ओळीत उरकलेला असतो. इथे शिकणाऱ्याला तो पहिल्या काही धड्यांतच अंगवळणी पडतो, कारण रोज त्याच सीमेच्या कडेने जावे लागते.

शिवाय इथल्या खुणा डोळ्यांत भरणाऱ्या आहेत. स्टॅनफर्डच्या कण-प्रवेगकाची दोन मैल लांबीची सरळसोट इमारत, मॉफेट विमानतळाचे अवाढव्य हँगर वन, डंबार्टन आणि सॅन मटेओ हे दोन पूल, आणि दक्षिणेकडची मिठागरे. काही मिठागरांचे पाणी वरून चक्क विटकरी-गुलाबी दिसते, कारण अतिखारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्याला तो रंग देतात. त्यामुळे 'मी कुठे आहे' हे नियंत्रकाला सांगताना नवशिक्यालाही अडखळावे लागत नाही.

टेकडीवरचा
सागरगोटा यांच्या मुद्द्यांचा आदर ठेवून असहमती नोंदवतो. मी सेंट्रल व्हॅलीत शिकलो आणि परवाना मिळाल्यावर इकडे आलो. विमानाचे भाडे हॉब्स मीटरवर आकारले जाते, आणि इंजिन सुरू असेपर्यंत तो मीटर चालू असतो. बे एरियात शनिवारी सकाळी धावपट्टीच्या टोकाशी पाच-सहा विमानांमागे उभे राहिलात तर तुम्ही काहीही न शिकता पैसे मोजत असता. उडाल्यावरही स्टॉल (वेग घटून पंखांची उचल सुटणे) किंवा तीव्र वळणांचा सराव करण्यासाठी मोकळ्या जागी जाईपर्यंत आणखी वेळ जातो. खोऱ्यात चाके उचलली की थोड्याच मिनिटांत धडा सुरू होतो. एका तासात तिथे जितके लँडिंग होतात तितके इथे होत नाहीत, आणि लँडिंग ही गोष्ट केवळ आवृत्तीने येते.

रेडिओवरचे बोलणे नंतरही शिकता येते. परवाना हातात असताना एखाद्या इथल्या प्रशिक्षकाबरोबर थोडे तास उडालात की ब्राव्होची भीती जाते. आधी विमान हातात येऊ द्यावे, मग गर्दी.

अनुस्वार
म्हणजे इथे रांगेत ताटकळत उभे राहण्याचेही पैसे पडतात तर! हायवे १०१ वर हीच सोय फुकट मिळते.

हिशेबनीस
पैशांचा विषय निघालाच आहे, तर थोडे तपशिलात लिहितो, कारण जाहिरातीत दिसणारा आकडा आणि शेवटी खिशातून गेलेला आकडा यांची सहसा भेट होत नाही. कायद्याने किमान ४० तास लागतात, त्यांपैकी किमान २० प्रशिक्षकाबरोबर आणि किमान १० एकट्याने. विमान-नियमांच्या भाग १४१ खाली मान्यता असलेल्या शाळेत ही किमान मर्यादा ३५ तासांची आहे. त्यात रात्रीचे ३ तास, रात्रीची १० लँडिंग, केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याचे ३ तास, आणि एकट्याने केलेले एकूण १५० सागरी मैलांचे, तीन ठिकाणी पूर्ण थांबून उतरायचे लांब उड्डाण, अशा अटी आहेत. पण माझ्या ओळखीत ४० तासांत परवाना मिळालेला एकही नोकरदार मनुष्य नाही. साठ-सत्तर तास सहज होतात.

आमच्या भागात सेस्ना १७२ सारख्या विमानाचे भाडे इंधनासह तासाला दोनशे डॉलरच्या आसपास आणि प्रशिक्षकाचे त्याच्या निम्मे धरून चाला. त्यात हेडसेट, लेखी परीक्षा, वैद्यकीय तपासणी, भाड्याच्या विमानाचा विमा आणि शेवटच्या चेकराइडसाठी, म्हणजे उड्डाण-परीक्षेसाठी, परीक्षकाचे मानधन हे सगळे मिळवा. वीस हजार डॉलर बाजूला ठेवल्याशिवाय सुरुवात करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. अर्ध्यावर पैसे संपले की खंड पडतो, खंड पडला की हात विसरतो, आणि विसरलेले पुन्हा शिकण्याचे तास पुन्हा विकत घ्यावे लागतात. आठवड्यातून एकदाच उडणाऱ्याचा निम्मा धडा मागचे आठवण्यात जातो.

आणखी एक सावधगिरी: कोणत्याही शाळेत मोठी रक्कम आगाऊ भरू नका, सवलत कितीही गोड वाटली तरी. एका शाळेने असे पैसे घेऊन दार लावले आणि आमच्या मित्राची रक्कम त्यात अडकली ती अडकलीच.

वाऱ्यावरची
मी प्रशिक्षक आहे, आणि निरभ्र यांच्या मूळ प्रश्नातला धुक्याचा मुद्दा कोणी नीट उचललेला दिसत नाही म्हणून लिहिते. उन्हाळ्यात किनाऱ्यालगत समुद्राच्या तळाकडचे थंड पाणी वर येते, त्यावरची हवा गार आणि दमट होते, आणि तिच्या डोक्यावर उबदार हवेचे झाकण बसते. या दोहोंच्या मधे जो ढगांचा सपाट थर तयार होतो, त्याला इथे मरीन लेअर म्हणतात. आतल्या खोऱ्यातली हवा तापून वर चढली की हा थर गोल्डन गेटमधून आणि सॅन ब्रुनोच्या खिंडीतून आत ओढला जातो. संध्याकाळी तो येतो, रात्रभर मुक्काम करतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा विरतो. जून ते ऑगस्टमध्ये सकाळी आठचा धडा घेतलात तर बऱ्याचदा विमानाऐवजी फळ्यासमोर बसावे लागेल. दहा-अकराला आकाश उघडते, आणि दुपारी दोननंतर तोच वारा जोर धरतो. म्हणजे उन्हाळ्यात नवशिक्याच्या वाट्याला दिवसातले मोजकेच तास येतात. सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे इथले खरे सुगीचे महिने; वारा मंदावतो आणि हवा स्वच्छ असते.

पण टेकडीवरचा यांनी खोऱ्याचे जे मोकळे आकाश रंगवले आहे, त्याचीही दुसरी बाजू सांगायला हवी. हिवाळ्यात पाऊस पडून गेला की सेंट्रल व्हॅलीत ट्यूली फॉग नावाचे धुके उतरते. ते जमिनीलगत इतके दाट बसते की कधी कधी दिवसचे दिवस हलत नाही, आणि त्याच काळात बे एरियात लख्ख ऊन असू शकते. उन्हाळ्यात तिथे पारा चाळीस अंशांच्या जवळ जातो, हवा विरळ होते, विमान धावपट्टीवर जास्त पळते आणि रडतखडत वर चढते. रजा टाकून महिनाभर खोऱ्यात जायचे असेल तर तो महिना कोणता, याचा आधी विचार करा.

आणि शिकण्याच्या दृष्टीने मला धुके अडथळा वाटत नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी घरून निघण्यापूर्वी विमानतळाचा हवामान अहवाल वाचून 'आज उडायचे की नाही' हे स्वतः ठरवून मला सांगायचे, असा माझा नियम आहे. तापमान आणि दवबिंदू यांच्यातले अंतर दोन अंशांवर आले, संध्याकाळ जवळ आली, वारा पश्चिमेचा आहे. मग समुद्रकिनाऱ्यावरच्या हाफ मून बेला जाऊन परत येता येईल का? हा विचार करायला लावणारा प्रदेश शिकणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. ज्याने सगळे शिक्षण निरभ्र आकाशात घेतले (सभासदनामावर कोटी करण्याचा हेतू नाही), त्याला 'आज नको' म्हणण्याचा सराव कधी होतच नाही.

अनुस्वार
वाऱ्यावरची ताई, हेतू नव्हता असे म्हणून कोटी करण्याची ही पद्धत आवडली.

काठावरची
मी स्वतः उडत नाही, माझे यजमान उडतात. निरभ्र यांच्या घरी हा प्रश्न येईलच, म्हणून विचारते. पाण्यावरून जाताना इंजिन बंद पडले तर काय? यजमानांनी मला 'विमान तरंगत खाली येते' असे सांगितले आहे, पण ते तरंगत नेमके कुठे येते हे त्यांनी सांगितलेले नाही.

सागरगोटा
काठावरची, तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याला आकड्यात उत्तर आहे. सेस्ना १७२ चे इंजिन बंद पडले तर प्रत्येक हजार फूट उंचीमागे ते साधारण दीड सागरी मैल जाते, वारा नसताना. म्हणजे दोन हजार फुटांवर असाल तर तीन सागरी मैलांच्या आत जमीन हवी. सॅन मटेओ पूल साधारण सात मैल लांबीचा आहे, म्हणजे त्याच्या मध्यावर तुम्ही दोन्ही काठांपासून बरोबर त्या मर्यादेच्या टोकावर असता. साहजिकच वाटते की आणखी वर जावे. पण डोक्यावर ब्राव्होचा तळ असतो, आणि परवानगी मिळाली नाही तर वर जाता येत नाही. त्यामुळे कुठून ओलांडायचे हे आधी ठरवावे लागते. मी खाडी ओलांडताना शक्यतो दक्षिणेकडच्या अरुंद भागातून, डंबार्टनच्या बाजूने जातो. खाडीच्या पाण्याचे तापमान बारा-पंधरा अंशांच्या घरात असते, त्यात फार वेळ पोहता येत नाही. खासगी उड्डाणात लाइफ जॅकेट कायद्याने सक्तीचे नाही, तरीही माझ्या विमानात ते प्रत्येकाच्या कमरेला बांधलेले असते. आसनाखाली ठेवलेले जॅकेट पाण्यात पडल्यावर हाताशी लागेलच असे नाही.

वाऱ्यावरची
यात एक भर घालते. इंजिन 'अचानक' बंद पडण्याचे प्रसंग जितके असतात, त्यांपैकी बरेच खरे तर अचानक नसतात. टाकीत इंधन संपणे हे त्यातले सर्वांत लाजिरवाणे, आणि कार्बोरेटरमध्ये बर्फ धरणे हे किनारपट्टीवरचे खास. बाहेर वीस अंश तापमान असतानाही, हवा दमट असेल आणि इंजिनाची ताकद कमी केलेली असेल, तर कार्बोरेटरच्या गळ्यात हवा इतकी गार होते की बर्फ जमतो. आधी इंजिनाचे फेरे हळूहळू उतरू लागतात, मग इंजिन थोडे खरखरते. कार्ब हीटचा, म्हणजे कार्बोरेटर तापवण्याचा, दांडा ओढला की सुरुवातीला ते आणखी खरखरते, कारण वितळलेले पाणी इंजिनात जाते, आणि तिथेच नवशिके घाबरून दांडा परत आत ढकलतात. तो ओढलेलाच ठेवायचा, अर्ध्या मिनिटात आवाज सुधारतो. नव्या १७२ मध्ये इंधन थेट फवारले जाते, त्यामुळे हा त्रास नाही, पण भाड्याने मिळणारी बरीच विमाने जुनीच आहेत.

काठावरची
धन्यवाद. आज संध्याकाळी यजमानांना कार्ब हीटबद्दल तोंडी परीक्षा द्यावी लागणार आहे.

कागदीघोडे
निरभ्र, तुम्ही अमेरिकी नागरिक आहात की नाही ते लिहिलेले नाही. नसाल, तर ग्रीन कार्ड असले तरीही, उड्डाणाचे प्रशिक्षण सुरू करण्यापूर्वी टीएसए या सरकारी वाहतूक-सुरक्षा संस्थेची सुरक्षा-पडताळणी करून घ्यावी लागते. बोटांचे ठसे, शुल्क आणि थोडी प्रतीक्षा. ओळख करून देणाऱ्या पहिल्या उड्डाणाला ते लागत नाही, त्यामुळे आधी तेवढे करून पाहा. नागरिक असाल तर पासपोर्ट दाखवला की काम झाले. व्हिसावर असलेल्यांनी मात्र आपल्या वकिलाला एकदा विचारून घ्यावे. टीएसएची परवानगी आणि व्हिसाच्या अटी या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीने दुसरी आपोआप सुटत नाही.

नाडीपरीक्षा
वैद्यकीय तपासणीबाबत दोन शब्द. खासगी वैमानिकाला तृतीय श्रेणीचे प्रमाणपत्र लागते. चाळिशीच्या आत ते ६० महिने चालते, चाळिशीनंतर २४ महिने. रक्तदाब औषधाने आटोक्यात असेल तर सहसा अडत नाही. परंतु नैराश्याची किंवा एकाग्रतेची औषधे, हृदयविकार, इन्सुलिन, झटके यांपैकी काही इतिहास असेल तर थेट अर्ज भरून तपासणीला जाऊ नका. आधी अशा तपासण्या करणाऱ्या डॉक्टरांशी केवळ सल्ला म्हणून बोला, कोणती कागदपत्रे लागतील ते विचारा, आणि मगच अर्ज करा. एकदा अर्ज नाकारला गेला की पुढचे सगळेच मार्ग अवघड होतात. हे सगळे पहिले हजार डॉलर खर्च होण्याआधी करायचे आहे.

शिरीषपुष्प
मी रीड-हिलव्ह्यू विमानतळापासून फार लांब नाही अशा वस्तीत राहते, आणि या धाग्यात आमची बाजू कोणी मांडलेली नाही. तुमच्यासाठी जो 'लँडिंगचा सराव' असतो, तो आमच्यासाठी दर दोन-तीन मिनिटांनी छपरावरून जाणारा आवाज असतो. आणि आवाजापेक्षा शिशाचा प्रश्न मोठा आहे. लहान विमाने जे १००एलएल इंधन वापरतात त्यात शिसे असते. २०२१ मध्ये काउंटीने करून घेतलेल्या अभ्यासात विमानतळाजवळच्या मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण अधिक आढळले, आणि १ जानेवारी २०२२ पासून सँटा क्लारा काउंटीने आपल्या विमानतळांवर ते इंधन विकणे बंद केले. छंद जरूर जोपासा, पण खालीही माणसे राहतात.

टेकडीवरचा
मुद्दा मान्य आहे. थोडी भर घालतो: कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून २०३१ च्या सुरुवातीपासून शिसेयुक्त विमान-इंधनाची विक्री बंद करायचे ठरवले आहे. प्रशिक्षणात वापरल्या जाणाऱ्या कमी ताकदीच्या बऱ्याचशा इंजिनांना शिसेविरहित इंधन चालते. त्यामुळे शाळा निवडताना 'तुमच्या विमानांत कोणते इंधन भरता' हे विचारणे शक्य आहे, आणि माझ्या मते विचारावेच. आवाजाबाबत प्रत्येक विमानतळाची ठरवून दिलेली वाट असते. ती पाळणे बहुतांशी ऐच्छिक असले तरी ती न पाळणाऱ्याला मी कधीच चांगला वैमानिक म्हणणार नाही.

सागरगोटा
शिरीषपुष्प, तुमच्या प्रतिसादाबद्दल आभार. म्हणूनच मी लँडिंगचा लांब सराव करायचा असेल तर तो घराजवळ न करता लिव्हरमोर किंवा सॅन मार्टिनकडे जाऊन करतो.

धुक्याच्या चर्चेला एक गंभीर पुस्ती जोडावीशी वाटते. १७ फेब्रुवारी २०१० च्या सकाळी पालो आल्टोहून दाट धुक्यात उडालेले दोन इंजिनांचे सेस्ना ३१० विजेच्या तारांना धडकून ईस्ट पालो आल्टोच्या वस्तीत कोसळले आणि विमानातले तिघेही गेले. धावपट्टी दिसत नाही, उडायचे तर स्वतःच्या जबाबदारीवर, असे नियंत्रकाने सांगितले होते. खासगी उड्डाणाला तशा हवेत उडण्यास कायद्याची आडकाठी नसते. टॉवर तुम्हाला थांबवेल असे समजू नका, निर्णय खुर्चीत बसलेल्याचाच असतो.

अनुस्वार
गंभीर प्रतिसादानंतर विनोद करणे बरे दिसत नाही, तरी एक खरा प्रश्न आहे. परवाना मिळाल्यावर माणूस नेमका जातो कुठे? माझ्या माहितीतले तीन वैमानिक हाफ मून बेला जेवून परत येतात, आणि गाडीने अर्ध्या तासात होणाऱ्या या प्रवासाला त्यांना तयारीसकट अर्धा दिवस लागतो.

सागरगोटा
तक्रार खरी आहे आणि ती कोणताही वैमानिक आनंदाने मान्य करेल. हाफ मून बेची पाच हजार फूट लांब धावपट्टी, टॉवर नसल्यामुळे मिळणारा निवांतपणा आणि चालत जाण्याच्या अंतरावर समुद्र, हे सगळे एकत्र दुसरीकडे कुठे मिळणार? पालो आल्टोची धावपट्टी २,४४३ फुटांची आहे. तिथे शिकलेल्या माणसाला हाफ मून बेला उतरताना जागा संपतच नाही.

पण खरे बक्षीस म्हणजे 'बे टूर'. नॉरकॅल अप्रोच या नियंत्रण केंद्राला विनंती करायची, ब्राव्होची परवानगी घ्यायची आणि शहराच्या कडेने अल्काट्राझवरून गोल्डन गेटकडे जायचे. पुलाचे मनोरे पाण्यापासून ७४६ फूट उंच आहेत. खाली धुके असले तर फक्त ती दोन लाल टोके ढगांतून वर आलेली दिसतात, आणि बाजूला सुट्रो टॉवरचे तीन सुळके. प्रवाशांना खिडकी हवी असते आणि तुम्हाला मात्र समोरून येणारी चार विमाने शोधायची असतात, कारण रविवारी तिथे सगळेच येतात. बेसबॉलचा सामना असेल तर मैदानाभोवती तीन सागरी मैलांत आणि तीन हजार फुटांखाली, सामन्याच्या एक तास आधीपासून संपल्यानंतर एक तासापर्यंत, नियंत्रकाच्या संमतीशिवाय जाता येत नाही, आणि ते मैदान नेमके पाण्याच्या काठी आहे. ऑक्टोबरात फ्लीट वीकला, नौदलाच्या हवाई कसरती चालू असताना, तर वाटच बंद असते. निघण्यापूर्वी सामन्यांचे वेळापत्रक पाहणारा मी एकटाच असा आहे, ज्याला बेसबॉल कळत नाही.

हिशेबनीस
प्रवाशांचा विषय निघाला म्हणून सांगतो. शिकाऊ वैमानिकाला प्रवासी नेता येत नाही. परवाना मिळाल्यावर खर्च वाटून घेता येतो, पण स्वतःचा वाटा स्वतःच भरायचा, नफा तर नाहीच. प्रवासी न्यायचे तर मागच्या ९० दिवसांत तीन उड्डाणे आणि तीन लँडिंग झालेली असावी लागतात. आणि टर्म इन्शुरन्स घ्यायचा राहिला असेल तर पहिल्या धड्याआधी घ्या. अर्जात 'विमान चालवता का' हा प्रश्न असतोच.

निरभ्र
सर्वांचे मनापासून आभार. मी नागरिक आहे, त्यामुळे टीएसएचा प्रश्न नाही. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, त्यासाठी नाडीपरीक्षा यांनी सांगितल्याप्रमाणे आधी सल्ला घेईन. सगळे वाचून झाल्यावर कल इथेच शिकण्याकडे झुकला आहे. गोल्डन गेटचा मोह आहे हे नाकारत नाही, पण वाऱ्यावरची यांचा 'आज नको' म्हणण्याचा सराव हा मुद्दा मला अधिक पटला. टेकडीवरचा यांचा रांगेचा आणि तासांचा आक्षेप मात्र मनातून जात नाही. यावर काही मधला मार्ग आहे का? सनीव्हेलहून लिव्हरमोर गाठायला सकाळी गाडीने तासभर लागतो, पण तिथे दोन समांतर धावपट्ट्या आहेत आणि ब्राव्होही दूर आहे असे दिसते.

टेकडीवरचा
लिव्हरमोर हा माझ्या आणि सागरगोटा यांच्या भांडणातला बऱ्यापैकी तह होऊ शकतो. टॉवर आहे, त्यामुळे रेडिओ पहिल्या दिवसापासून येईल. लहान धावपट्टी लँडिंगच्या सरावाला वापरतात, त्यामुळे रांग कमी. धुके खाडीकडच्या टेकड्यांच्या पलीकडे तुलनेने कमी येते आणि लवकर विरते. दुपारी आल्टामाँटच्या खिंडीकडे जाणारा वारा मात्र जोरात असतो. त्या टेकड्यांवर पवनचक्क्या उगाच लावलेल्या नाहीत. खोऱ्यात जाऊनच शिका हा माझा हट्ट मी मागे घेतो, पण पालो आल्टोलाच शिका हा सागरगोटा यांचा हट्टही त्यांनी मागे घ्यावा.

सागरगोटा
मागे घेतो, एका अटीवर. एकट्याने उडायला लागल्यावर काही धडे पालो आल्टो किंवा सॅन कार्लोसला प्रशिक्षकासह करा. आखूड धावपट्टी आणि डोक्यावर ब्राव्हो, हे दोन्ही परवाना मिळण्याआधी हाताखालून गेलेले बरे. आणखी एक उणीव भरून काढा: खाडीभोवतीच्या बहुतेक धावपट्ट्या वायव्येच्या नेहमीच्या वाऱ्याला धरूनच आखलेल्या आहेत, त्यामुळे आडव्या वाऱ्यात उतरण्याचा सराव इथे मुद्दाम शोधावा लागतो. प्रशिक्षकाला तो आठवणीने मागा.

वाऱ्यावरची
निरभ्र, आता क्रम सांगते. वैद्यकीय सल्ला या महिन्यात. उन्हाळाभर ग्राउंड स्कूल, म्हणजे जमिनीवरचा अभ्यास, करून लेखी परीक्षा उरका. ६० प्रश्न असतात आणि ७० टक्क्यांना उत्तीर्ण. गाडीत लिव्हरमोर आणि पालो आल्टोच्या टॉवरचे बोलणे ऐकत राहा, ते इंटरनेटवर थेट मिळते. सप्टेंबरपासून आठवड्यात तीन वेळा नोंदवा, म्हणजे हवा, विमान आणि प्रशिक्षक यांपैकी कोणीतरी दगा दिला तरी दोन धडे पदरात पडतील. शनिवारच्या वेळा आठवडे आधी भरतात. शक्य असेल तर एक दिवस तरी कामाच्या दिवशी सकाळचा घ्या. आणि परीक्षकाची तारीख, तयार झाल्यावर नव्हे, तयार व्हायच्या दोन महिने आधी मागा. सध्या चेकराइडसाठी उड्डाणापेक्षा प्रतीक्षाच जास्त करावी लागते.

अनुस्वार
म्हणजे शेवटी रांग आहेच. फक्त तिथे मीटर चालू नसतो.